खळीचं वजन

१९५४ साली हातमाग बसला, तसा नानाजी कोष्टी अंबाझरीजवळच्या सरकारी मासेटाक्यांवर कामाला लागला. टाकीतल्या एका मोठ्या मरळीला रोज छोटी मासळी तोलून घालायची आणि आठवड्यानं मरळही तोलायची. खाल्लेल्यातलं तिच्या अंगी किती लागलं नि अंड्यांत किती गेलं, याचं गणित तिथले साहेब मांडत.

आषाढात मरळ पाव शेरानं वाढली. साहेब खूश झाले.

"हे वाढणं नाही, साहेब," नानाजी फटकन बोलला. "लुगड्याले खळ देल्ली का वजन वाढते, तसं हाय हे. पोटात अंडी हायेत. पाठ चाचपून पाहा, आटून राहिली."

घरी त्याच्या बायकोला, शामलाला, पाचव्या खेपेचा आठवा महिना होता.

"चांगली भरली वं!" शेजारीण कौतुकानं म्हणाली.

नानाजीनं शामलाचा हात वर उचलला. मनगटातल्या बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या.