जेरिको रोमधलं पुढचं दार

परवा तालुक्याच्या इतिहास मंडळातले ते डेन्बीसाहेब आले होते. आमच्या जेरिको रोवर पितळेची पाटी लावायची म्हणे. रो म्हणजे काय, तर दगडी घरांची एक लांबलचक ओळ, समोर नदी, नदीपलीकडे बंद पडलेली गिरणी. एवढ्याला पितळ कशाला, असं मी विचारलं, तर ते म्हणाले की जुन्या काळचा शेजारधर्म जपायला हवा. मग वहीतून मजकूर वाचून दाखवला, ‘येथे गिरणी कामगार राहत. त्यांच्या घरांची दारं सर्वांसाठी सदैव उघडी असत.’

मी म्हटलं, कुठली दारं?

तर त्यांना कळेना. आता यॉर्कशायरात जन्मलेल्या माणसाला हे मी सांगायचं? पण ते पडले बंगल्यात वाढलेले. अहो, उघडी असायची ती मागची. मागच्या दारानं कोळसा यायचा, दूध यायचं, शेजारीण यायची आणि न विचारता चहाच्या किटलीला हात लावायची. पुढचं दार उघडायचं ते डॉक्टरला, पाद्र्याला, नवरीला आणि शवपेटीला. एरवी ते बंद. पुढची खोलीही बंद. वर्षभर घासायची, पुसायची, पडदे धुवायचे, आणि सगळ्यांनी मिळून मागच्या स्वयंपाकघरात एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखं राहायचं. पायरी मात्र दर शुक्रवारी दगडानं घासून पांढरी करायची. कुणाचाही पाय पडणार नाही अशी पायरी.

एवढ्यात पलीकडून खरखर ऐकू आली. साहेबांनी मान वळवली. मी म्हटलं, ती हेस्टर. तिच्याकडे मग बघा, आधी चहा घ्या. पाटी लावायचीच तर तिच्या दाराला लावा.

हेस्टर ग्रीनवुड माझी शेजारीण. मी लग्न होऊन या रोमध्ये आले तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती, गिरणीत चार मागांवर विणायची. सरळ पाठ, घट्ट अंबाडा, आणि बोलणं असं की समोरच्याला आपलंच काही चुकलंय असं वाटावं. आईवडील दोघंही गेलेले. घरात एकटी. पण अगदीच एकटी म्हणता यायची नाही, कारण दर गुरुवारी आणि रविवारी एनॉक यायचा.

एनॉक क्रॅबट्री गिरणीतला सुतार. माणूस सोन्यासारखा, फक्त चालू व्हायला वेळ लागायचा. अठरा-एकोणीस वर्षं तो हेस्टरकडे येत होता. मागच्या दाराशी गोणपाटावर बूट पुसायचा, टोपी खिळ्याला लावायचा, गुरुवारी पाव-लोणी आणि रविवारी डब्यातला सामन मासा खायचा, नऊ वाजता उठून घरी जायचा. त्याची आई म्हणायची, मी आहे तोवर घरात दुसरी बाई नको. ती बरीच वर्षं होती. मग एकदाची गेली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता बार उडणार. पण एनॉक गुरुवारी आला, पाव-लोणी खाल्लं आणि नऊला उठला. आई गेल्याचं त्याला कळलं होतं, त्याच्या सवयीला कळायचं होतं.

हेस्टर कधी तक्रार करायची नाही. एकदाच, पायरी घासता घासता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘‘बेसी, या दारातून मी माझ्या बापाला आडवा जाताना पाहिलं, मग आईला. मला यातून एकदा उभ्यानं जायचंय.’’

मी तेवढं ऐकून घरात गेले. माझ्याबाबतीत हे क्वचितच घडतं, म्हणून लक्षात राहिलं.

पुढच्याच वसंतात तिची चुलतबहीण वारली आणि हेस्टरला एक हार्मोनियम ठेवून गेली. बसून, पायानं भाता मारून वाजवायचा तो मोठा, कपाटाएवढा. हेस्टरला सूर ओळखता येत नव्हता, पण तिनं तो घेतला. आता तो मागच्या दारातून आत जाईना, कारण मोरीपाशी वळण आहे. एरवी असली धुडं आम्ही खिडकीची चौकट काढून आत घेतो. हेस्टर म्हणाली, खिडकीची काच माझ्या आईच्या वेळची आहे, तिला हात लावायचा नाही. मग तिनं एनॉकला सांगितलं, शनिवारी सकाळी ये आणि पुढचं दार मोकळं करून दे.

तिनं शनिवारच का निवडला, आणि सकाळच का, हे मी विचारलं नाही. शनिवारी सकाळी अख्खी रो घरी असते एवढंच सांगते.

एनॉक बिचारा रंधा घेऊन आला. हेस्टरच्या आईच्या अंत्ययात्रेपासून दार फुगून बसलेलं. त्यानं ते खांद्यानं ढकलून उघडलं, कडा तासल्या, आणि हार्मोनियम आत घेतला. दार तासभर सताड उघडं, ऊन आत आलेलं. रोमधला प्रत्येक पडदा हलला. आजारी कुणी नाही, मेलेलं कुणी नाही, पाद्री दिसत नाही. मग राहिलं काय?

कोपऱ्यावरच्या शॅकल्टनबाईंनी मुलाच्या लग्नासाठी रममध्ये मुरवत ठेवलेला केक काढला, कारण मुलाचं काही जमत नव्हतं. पाठोपाठ पुरुष मंडळी आली आणि एनॉकचा हात दाबून हलवू लागली. पहिल्याला वाटलं असेल, दुसऱ्याला नक्की माहीत होतं, तिसऱ्यानं तारीखच सांगितली. एनॉकनं जन्मात कधी कुणाला ‘तसं नाही’ म्हटलं नव्हतं. तो आभार मानत राहिला. शेवटी लाकडाचं भुसकट झटकत आत गेला.

आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. आणि त्या वेळी मी योगायोगानं भिंतीला पेला लावून उभी होते.

एनॉक म्हणाला, ‘‘हेस्टर, लोक म्हणताहेत आपलं लग्न आहे.’’

फडक्यानं लाकूड पुसल्याचा आवाज. मग ती म्हणाली, ‘‘कधी आहे म्हणतात?’’

‘‘ऑगस्टात. गिरणीच्या सुट्टीत.’’

‘‘बरं. मग तोवर याचा भाता दुरुस्त करून दे. फुस्स करतो.’’

झालं. अशी आमच्या रोमधली मागणी. बाकी ठिकाणी म्हणे गुडघ्यावर बसतात.

आता पुढचं ऐका. जुलैत गिरणीवाल्यांनी सगळ्या घरांची पुढची दारं रंगवून घेतली. घरं त्यांची, दारं त्यांची, रंग त्यांचा. रंगारी असे की दार, चौकट, फट, सगळ्यावरून एकच हात. मेलेली माशीसुद्धा हिरवी करून टाकली. आणि त्यानंतर आठवडाभर पाऊस कोसळला.

लग्नाच्या सकाळी मी हेस्टरबरोबर आत होते. करड्या रंगाचा सूट, हॅट, हातात पांढरी फुलं, आणि चेहरा मागावर उभी असल्यासारखा. तिला चॅपेलमध्ये न्यायला तिचे क्लेममामा आले होते. त्यांनी दाराची मूठ धरून ओढली. दार हललं नाही. त्यांनी पाय चौकटीला लावून ओढली. मूठ निघाली आणि मामा मूठ घेऊन, पाय भात्यावर आपटत हार्मोनियमवर बसले. त्यानंही कित्येक वर्षांत पहिल्यांदा खणखणीत सूर काढला.

बाहेर सगळी रो छत्र्या घेऊन उभी. शॅकल्टनबाई खिडकीतून ओरडल्या, पोरी, मागून ये, कोण बघतंय. अहो, सगळेच बघत होते, म्हणून तर आले होते.

हेस्टर खुर्चीवर बसली. म्हणाली, मी मागून जाणार नाही. मामांनी समजावलं, मी समजावलं. मला तर बोलायला कारणच हवं असतं. ती हॅट सरळ करून बसून राहिली. चॅपेलचं घड्याळ वाजलं. पाद्र्याला दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि आमचे पाद्री कुणासाठी थांबत नसत. शेवटी शॅकल्टनबाईंनी आपल्या नवऱ्याला एनॉकला आणायला चॅपेलकडे पिटाळलं.

थोड्या वेळानं बाहेर शांतता झाली आणि दाराची पत्र टाकायची फट उघडली. तिच्यात एनॉकचे डोळे दिसले.

‘‘हेस्टर,’’ तो म्हणाला, ‘‘सगळे थांबलेत. मागून ये ना.’’

हेस्टर उठली, दारापाशी गेली, आणि वाकली. तिला मी त्याआधी कुणासाठी वाकताना पाहिलं नव्हतं.

‘‘एनॉक, तू इतकी वर्षं मागून आलास, मी कधी काही म्हटलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मागून आणलेलं सगळं मी घेतलं. कोळसा घेतला, दूध घेतलं, तुला घेतलं. मी नवरी म्हणून मागून निघाले ना, तर आजही गुरुवारच आहे असं मला वाटेल. तू घरी जा, नाहीतर दार उघड.’’

फटीतले डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. हा माणूस आता आभार मानून घरी जाणार. फट बंद झाली. पावलं लांब गेली. मामांनी खिशातला पाईप काढला. हेस्टर तशीच वाकलेली, फुलं दाराला टेकलेली.

आणि मग मागच्या गोणपाटावर बूट पुसल्याचा आवाज आला.

हो, पुसले त्यानं. लग्नाचा दिवस, पाद्री घड्याळ बघतोय, नवरी रुसलीय, आणि या गृहस्थानं दोन्ही बूट नीट पुसले, हॅट खिळ्याला लावली, मोरीच्या कपाटातून आपला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पुढच्या खोलीत आला. बिजागऱ्या आतल्या बाजूला. एकेक स्क्रू काढला. रंगाखाली स्क्रू सापडेना तेव्हा नखानं खरवडला. मग मामा आणि तो, दोघांनी दार चौकटीतून उपटलं. हिरव्या रंगाचे तुकडे उडाले, अर्धे माझ्या केसांत. बाहेरचा उजेड भसकन आत आला.

तो बाजूला झाला. म्हणाला, ‘‘जा.’’

हेस्टर गेली. उभ्यानं. पायरीवर क्षणभर थांबली, अख्ख्या रोकडे बघितलं, जसं काही उशीर आम्हीच केला होता. आणि मग खाली उतरली.

नवरा नवरीच्या मागून तिच्याच घरातून निघाला, हे पाद्र्यांना अजिबात आवडलं नाही. त्यात अंगठी मागितल्यावर एनॉकनं खिशातून आधी स्क्रूड्रायव्हर काढला. चॅपेलमध्ये बाकं निम्मी रिकामी होती, कारण निम्मी रो हेस्टरच्या बिनदाराच्या घरासमोर खोळंबली होती. इतकी वर्षं जी खोली कुणी नीट पाहिली नव्हती ती सताड उघडी. मी काही बघत बसले नाही, मी तर आधी आतूनच पाहून आले होते. मी फक्त बाकीच्यांना काय काय दिसलं ते नंतर विचारून घेतलं. दार मंगळवारी बसवलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी ती दोघं पुढच्या दारानं येऊ-जाऊ लागली असतील. छे. पुढचं दार बंद, पायरी पांढरी, आणि एनॉक मागच्या गोणपाटावर बूट पुसून आत. फक्त एक बदल झाला. दरवर्षी वसंतात तो पुढचं दार उघडायचा, कडा तासायचा, बिजागरीत तेल घालायचा, दोनदा उघडझाप करून बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. आम्ही जाताजाता टोमणे मारायचो. एनॉक, दुसरी आणतोस की काय? तो आभार मानायचा.

हेस्टर मला म्हणायची, ‘‘तो माझ्यासाठी करतो. पुन्हा अडकायला नको म्हणून. मी सातवीण, मीच आधी जाणार.’’ म्हणजे ती सातव्या महिन्यात जन्मली होती, आणि त्याचं भांडवल जन्मभर करत आली.

चार वर्षांपूर्वी, ऐन हिवाळ्यात, छातीत पाणी होऊन एनॉक गेला. महिनाभर पाऊस, सगळ्या रोची दारं फुगलेली, माझं तर उघडून बघायचीही सोय नव्हती. पेटी उचलणारे चौघं पुढच्या खोलीत तयार होऊन उभे. त्यांच्यातला एक दाराला हिसका द्यायला पुढे झाला. हेस्टरनं त्याला थांबवलं आणि दाराला एक बोट लावून ओढलं. दार आलं. आवाजसुद्धा नाही.

तिनं दाराच्या तासलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच मला म्हणाली, ‘‘बघितलंस बेसी? आणि मी समजत होते, माझ्यासाठी तासतोय.’’

मला हसू आलं आणि तेवढ्यात ते रडण्याकडे वळलं. तिचंही तसंच झालं असावं, कारण तिनं हॅट खाली ओढली. लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच एनॉक पुढच्या दारानं निघाला, आणि तेही तिच्या आधी.

एवढं सांगून होईपर्यंत डेन्बीसाहेबांचा चहा थंड झाला होता, आणि पलीकडची खरखर थांबली होती. आम्ही खिडकीशी गेलो. हेस्टरच्या हातात एनॉकचा रंधा, कमरेला एप्रन, पायात सपाता, पायरीवर लाकडाचे कुरळे केस पडलेले. पंचाहत्तरीच्या घरात आहे ती. तिनं दार दोनदा उघडझाप करून बघितलं. मग दारातून बाहेर आली, दार मागे ओढून घेतलं, पायरी उतरली आणि रोच्या टोकापर्यंत सावकाश चालत जाऊन मागच्या गल्लीत वळली. जरा वेळानं भिंतीपलीकडून गोणपाटावर सपाता पुसल्याचा आवाज आला.

साहेबांनी विचारलं, त्या काय करत होत्या?

मी म्हटलं, अजून उभ्यानं जाता येतं का, ते बघत होती. पाटीवर लिहायचं तर लिहा.

त्यांनी वही मिटली. पाटीच्या मजकुरात दारं सदैव उघडीच राहिली आहेत.