काट्यावरचे साठ

तो सूर अजून कानात आहे. मोटारसायकल ठरावीक वेगाला पोचली की इंजिनाच्या घरघरीतून एक बारीक धागा वेगळा निघतो, काशाच्या वाटीच्या काठावरून ओले बोट फिरवावे तसा, आणि तो वेग टिकेल तोवर तुटत नाही. लग्नानंतर सात वर्षे मी नवऱ्याच्या मागे बसून जिंतूर रस्त्याने शाळेत जात होते; साठच्या वेगाचा सूर मला पाठ होता. पन्नासच्या आतला सूर जाड, घोगरा असे, आणि त्यात माझ्या पिशवीतल्या डब्यातल्या चमच्याची किणकिण मिसळलेली असे. गाडी साठला पोचली की चमचा गप्प होई. यामागचे शास्त्र मला ठाऊक नाही. त्या चमच्याने मला कधी खोटे सांगितले नाही, एवढे मात्र ठाऊक आहे. खोटे सांगितले ते काचेआड बसलेल्या काट्याने, आणि त्याच्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाने.

आम्ही परभणीत राहतो. माझी शाळा जिंतूर रस्त्यावर चोवीस किलोमीटरवर आहे, आणि नवऱ्याचे बी-बियाण्यांचे दुकान त्याच रस्त्याच्या शेवटी, जिंतुरात. मला वाटेत सोडून पुढे जाणे हा त्याच्या मते त्याने माझ्यावर केलेला रोजचा उपकार होता. घरची गाडी त्याच वाटेने जात असताना बायकोने एसटीच्या थांब्यावर उभे राहणे त्याला कमीपणाचे वाटे. बायकोने गाडी चालवणे तर त्याहून. मी वडिलांच्या मोटारसायकलवर, पाथरीकडच्या कालव्याच्या भरावावर, कॉलेजात असतानाच गाडी शिकले होते. ओल्या गवताचा, गरम पेट्रोलचा आणि वडिलांच्या कातडी पाकिटाचा तो मिसळलेला वास मला आजही स्वातंत्र्याचा वास वाटतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी किल्लीसाठी हात पुढे केला तेव्हा तो म्हणाला होता की तसं बरं दिसत नाही. कोणाला, ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

शाळेची घंटा साडेदहाची. घंटेचा शेवटचा टोला विरण्याच्या आत मुख्याध्यापक मस्टर ड्रॉवरमध्ये ओढून घेत. नवरा दहा वाजून तीन मिनिटांनी किक मारी. दुसरा चहा आणि वर्तमानपत्राचे शेवटचे पान त्याला त्याआधी सोडत नसत. मी दहाच्या आधीपासून फाटकाशी, खांद्याला पिशवी लावून, ओढणी सावरून उभी असे. साठच्या वेगाने चोवीस मिनिटे लागत. घंटेआधी तीन मिनिटे माझी सही होई. सात वर्षे हा क्रम बिनचूक चालला. श्रेय अर्थात चालवणाऱ्याचे.

मग रस्त्याचे काम निघाले. जुना डांबरी रस्ता दोन ठिकाणी उखडून ठेवला गेला, तिथे काळ्या मातीचे वळणरस्ते निघाले आणि अशाच एका वळणरस्त्यावर गाडीचे पुढचे चाक खड्ड्यात आपटले. रिंग वाकली. चाकाच्या मध्याशी बसणारी आणि मीटरच्या केबलला फिरवणारी लहानशी दातेरी गरारी फुटली. मेकॅनिकने दोन दिवसांत गाडी उभी करून दिली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात चमत्कार घडू लागले.

पहिला चमत्कार असा की गाडी नुसत्या मनगटाच्या इशाऱ्याने साठला जाऊ लागली. दुसरा असा की जी गाडी लिटरला साठ किलोमीटर जाई ती पंचाहत्तर जाऊ लागली. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तेज आले. दुकानात बियाणे न्यायला आलेल्या माणसाला आधी गाडीचे माहात्म्य ऐकावे लागे. मेकॅनिकने इंजिनाला हातसुद्धा लावला नव्हता, पण स्तुती फुकट मिळत असेल तर ती परत करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तो मान हलवून म्हणे की भाऊ, गाडी मोकळी केलीय. नवरा हे वाक्य इतरांना सांगताना त्यात ‘लय’ हा शब्द स्वतःच्या पदरचा घाली.

तिसरा चमत्कार माझ्या वाट्याला आला. मी रोज तीन मिनिटे उशिरा पोचू लागले.

पहिल्याच सकाळी मला कळले होते. शहराबाहेर पडल्यावर मी त्याच्या खांद्यावरून पाहिले तर काटा साठवर स्थिर होता आणि कानाशी मात्र तो जाड, घोगरा, पन्नासच्या आतला सूर. पिशवीत चमचा वाजत होता. तुरीला फुलोरा आला होता. साठच्या वेगात तो नुसता पिवळा पट्टा होऊन सरकतो, त्या दिवशी मला एकेक झुडूप वेगळे दिसत होते. एका वळणावर तर फुलाच्या पाकळीवरची तांबडी रेघही दिसली. मी म्हटले, “अहो, गाडी हळू चाललीय.” त्याने मागे न बघता बोट काट्यावर टेकवले आणि तिथेच ठेवले, जसे लहान मुलाला पाटीवरचे अक्षर दाखवावे.

घंटा होऊन गेलेली असे. मुख्याध्यापक ड्रॉवरला हात लावून माझ्याकडे पाहत. तीन उशिरांची एक किरकोळ रजा कापण्याचा नियम त्यांना तोंडपाठ होता; इतर नियम त्यांना लागतील तसे आठवत. मी घरी सांगितले तेव्हा नवऱ्याने ते मनापासून ऐकून घेतले आणि निदान केले. “मी साठनं नेतो तुला. आधीबी साठच, आताबी साठच. उशीर तू करायलीस.” पुढे हे वाक्य आखूड होत गेले. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, माझ्या माहेरच्या फोनवर तो हसून सांगे की हिचं आवरतच नाही. जी बाई दहाच्या आधीपासून फाटकाशी उभी असते तिच्याविषयी, तिला फाटकाशी उभे ठेवणारा माणूस हे सांगत होता, आणि ऐकणारे सगळे हसत होते. बायकांचे आवरत नाही, हे विधान सिद्ध करावे लागत नाही. ते चहाबरोबर येते.

मी पुरावे गोळा करायला लागले. फोनवर वेग दाखवणारे साधन सुरू करून त्याच्या खांद्यावरून हात पुढे धरला: अठ्ठेचाळीस. त्याने एकवार पाहिले. “उपग्रह कुठं आभाळात. काटा चाकाला जोडलेलाय.” या युक्तिवादाला उत्तर नव्हते, कारण त्यात युक्तीही नव्हती आणि वादही नव्हता.

मग मी माझ्या परीने मोजले. रस्त्याच्या जुन्या टप्प्यावर किलोमीटरचे दगड अजून उभे होते. एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने मागची दांडी धरल्यावर घड्याळ पाहायला हात उरत नाही. पण कविता म्हणायला हात लागत नाहीत. सोळा मात्रांची ओळ मी चालीवर म्हटली की बरोबर चार सेकंद घेते, हे मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभी राहून आधी तपासून ठेवले होते. म्हणजे एका मिनिटात पंधरा ओळी. काट्याचे साठ खरे असतील तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत पंधरा ओळी व्हायला हव्यात. मी माझ्याच जुन्या, कोणी न छापलेल्या ओळी मनातल्या मनात म्हणू लागले. पंधरावी ओळ संपली, समोर नुसता कापूस. सोळावी, सतरावी, अठरावी. एकोणिसावी संपत आली तेव्हा दगड पायाशी आला. पुढच्या दगडालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. इतकी वर्षे ज्या कवितांना या घरात ‘वही’ असे म्हटले जात होते, त्यांचा असा उपयोग होईल हे मलाही वाटले नव्हते.

मात्रांचा पुरावा नवऱ्यासमोर मांडण्याइतकी मी भोळी नव्हते. मी त्याला सोपे काहीतरी दिले. घरापासून शाळेपर्यंत मीटरवर पूर्वी चोवीस किलोमीटर पडत, आता तीस पडतात, ते कसे? त्याने बोटांवर काहीतरी मोजले. मला वाटले, आता काहीतरी उजाडेल. मग तो म्हणाला, “रस्ता वाढलाय. वळणरस्ते किती झालेत बघ की.” दोन वळणरस्ते होते, प्रत्येकी फर्लांगभर. एका माणसाचा काटा खरा राहावा म्हणून एक अख्खे गाव, शाळा, पाण्याची टाकी आणि ग्रामपंचायतीसह, सहा किलोमीटर मागे सरकले होते.

त्याच शनिवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावले. त्यांच्या टेबलावर खडूची भुकटी आणि गारठलेल्या चहाचा वास कायम असे. यापुढे एकदा जरी उशीर झाला तर लेखी खुलासा द्यावा लागेल, तो संस्थेकडे जाईल आणि माझ्या सेवापुस्तकात लागेल, असे त्यांनी सांगितले. वर मदत म्हणून मजकूरही सुचवला. “घरगुती कामामुळे, असं लिहा बाई. सगळ्या लेडीज तेच लिहितात.” मी वीस वर्षांपासून शब्द जपून वापरते. माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, मी कधीही न केलेल्या उशिराची कबुली निवृत्तीपर्यंत एका पुस्तकात पडून राहणार, या विचाराने माझ्या तोंडाला लोखंडाची चव आली. रजा कापली गेली तर जाऊ दे. ती ओळ मी लिहिणार नव्हते.

रविवारी मी नवऱ्याला घेऊन मेकॅनिककडे गेले. तेथे दोन-तीन रिकामे पुरुष पाण्याच्या ड्रमवर बसून तिसऱ्याच कोणाची गाडी दुरुस्त होताना पाहत होते. हा एक पूर्ण वेळाचा व्यवसाय आहे असे मला तेव्हा प्रथमच कळले. मी विचारले, पुढच्या चाकात गरारी कोणती बसवली? मेकॅनिकने हात पुसण्याचेही कष्ट घेतले नाहीत. “ह्या गाडीची भेटली न्हाई म्याडम. दुसऱ्या गाडीची बसवली. दाते थोडे वेगळे असत्यात, पण बसली की.” मग काटा जास्त दाखवणार ना? “दाखवणार की,” तो म्हणाला, जसे काही मी पाणी ओले असते का असे विचारले होते. गाडी मोकळी केल्याचे त्याला आठवत नव्हते.

इतक्या सोप्या, इतक्या उघड शब्दांत सत्य फार क्वचित समोर येते. मी नवऱ्याकडे पाहिले. ड्रमवरचे पुरुषही त्याच्याकडे पाहत होते, आणि तेच वाईट झाले. मेकॅनिकने विचारले, भाऊ, बरोबरची मागवू का, नांदेडहून दोन दिवसांत येईल. नवऱ्याने सीटवरून हात फिरवला.

“राहू दे,” तो म्हणाला. “गाडी चांगली पळायलीय.”

परतताना मी त्याच्या मागेच बसले. काटा साठवर होता आणि चमचा, रविवार असल्यामुळे, घरी होता. मला राग आला असे लिहिणे बरोबर होणार नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. खोटे माहीत नसताना त्यावर विश्वास ठेवणारा माणूस मला समजू शकतो. खोटे हातात ठेवून दाखवल्यावर मूठ मिटून घेणारा माणूस पाठमोरा इतका जवळून पाहायला मिळाला, एवढेच.

त्याच संध्याकाळी, दुकानात माल उतरवून घेताना, एका पोत्याने त्याचे उजवे मनगट लचकले. सोमवारी सकाळी ते सुजून आंब्याएवढे झाले होते; हळद आणि तेलाच्या वासाची पट्टी बांधता बांधता दहा वाजून गेले. अॅक्सिलरेटर त्या हाताने पिळणे शक्य नव्हते. एसटी निघून गेली होती. पण दुकान उघडणे भाग होते, कारण पेरणीसाठी हरभरा न्यायला गावाकडची माणसे येणार होती. तो फाटकाशी उभा राहून एकदा गाडीकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहू लागला. बरे दिसणार नाही, हे त्याला आठवत असावे. मी खुंटीवरून किल्ली काढून आणली, ओढणी पाठीशी गाठ मारून बांधली आणि किक मारली. दहा वाजून तीन मिनिटे झाली होती. तो मागे बसला, आणि डब्याची पिशवी त्याच्या मांडीवर आली.

त्या दिवशी मी घंटेआधी तीन मिनिटे पोचले. मुख्याध्यापकांनी मस्टर माझ्याकडे सरकवले, आणि मी कोऱ्या चौकटीत सही केली. ती खुलाशाची ओळ मी कधीही लिहिली नाही. तिथून पुढे नवऱ्याला दुकानापर्यंत नेणारा शेजारगावचा एक माणूस मिळाला.

पण मला आठवतो तो शहर मागे पडल्यानंतरचा सरळ टप्पा. थंड वारा, ओल्या कापसाचा गोडसर वास, आणि तळहाताला कालव्याच्या भरावावरची ती विसरलेली थरथर. मी काट्याकडे पाहत नव्हते, ऐकत होते. सूर जाड होता, मग पातळ झाला, मग तो काशाच्या वाटीचा धागा निघाला. मागे त्याच्या मांडीवरचा चमचा गप्प झाला. साठ. त्याने सात वर्षे रोज निवांतपणे चालवलेले, खरे साठ. काचेआड काटा पंचाहत्तरवर होता, आणि माझ्या खांद्यावरून तो त्याच्याकडेच पाहत असणार, कारण त्याच्या धड हाताची बोटे माझ्या खांद्यात रुतू लागली. किलोमीटरच्या एका दगडाजवळ तो पुढे झुकला, आणि हळदीच्या वासासकट, मी त्याच्याकडून यापूर्वी कधीही न ऐकलेल्या आवाजात, माझ्या कानाशी म्हणाला,

“हळू.”