नॉर्मल माणसाच्या शोधात

चार माणसं दोन वर्षं एका लॅबमध्ये बसली की रिझल्ट येवोत न येवोत, किस्से हमखास जमतात. आमची बारामतीची लॅब त्याला अपवाद नाही. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशीत आणि चांगल्या पेशीत जीन्स जवळपास तेच असतात; पण कुठले जास्त काम करतात आणि कुठले गप्प बसतात, हे आम्ही मोजतो. त्यासाठी दोन्हींची सॅम्पल्स लागतात. कॅन्सरची मिळतात हो! माझी पीएचडी अडली होती ती नॉर्मलपायी.

*

कळसचे तात्या आमचे पेशंट, धंद्यानं वायरमन. गालाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आमच्या मॅडमनी त्यांना अर्धा तास जीन्स समजावले. तात्या शांतपणे म्हणाले, "म्हंजी वायरिंग तेच हाय, नको ती बटनं चालू पडल्यात."

पुढच्या कॉन्फरन्सला मॅडमची पहिली स्लाईड स्विचबोर्डची होती.

*

ऑपरेशननंतर नीट बोलता यायला लागल्यावर तात्यांनी हट्ट धरला, माझा तुकडा दाखवा. उणे ऐंशीचा फ्रीजर उघडला. तात्यांनी टोपी सारखी केली, त्या एवढ्याशा डबीकडे बराच वेळ पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाले, "लई वाढला व्हता."

*

नॉर्मल शोधायला पिंपळीत शिबिर घेतलं. अट एकच, तंबाखू नको. एक आबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले. तंबाखू सोडलीय का विचारलं, तर व्हय म्हणाले. कधी सोडली?

"हितं येताना. दारातच थुकलो की."

*

शेवटी तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मदत केली. फॉर्मवर लिहिलं, तंबाखू नाही. गालाच्या आतून ब्रश फिरवला, मी खूश! रिझल्ट आला तर काकूंच्या पेशी नॉर्मलसारख्या वागेचनात. मी मशीनला शिव्या घातल्या, पुन्हा रन लावला. तेच. मग काकूंना फोन केला. तंबाखू? न्हाय. आणि मिश्री?

"ती रोज दोनदा. दात घासाया नगं व्हय?"

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आमच्या फॉर्मवर तिचा रकानाच नव्हता. चूक माझी. डॉक्टरांना दाखवलं तर काकूंच्या गालात पांढरा चट्टा, कॅन्सरच्या आधी दिसतो तसला. मी काकूंना धीर द्यायला गेले. काकू मात्र मलाच दम देत होत्या, "नॉर्मल म्हणून नेलंस ना मला? मग नॉर्मल करूनच धाड."

मिश्री सुटली, काही महिन्यांत चट्टाही गेला. आम्ही पेढे वाटले, तेही लॅबच्या बाहेर उभं राहून, कारण आत खायला बंदी.

*

मग काकू गावातल्या आठ बायका जीपमध्ये घालून लॅबवर हजर झाल्या. त्या दिवशी माझी आईही वालचंदनगरहून आली होती. आई निवृत्त शिक्षिका, तंबाखू खाणाऱ्याला दारात उभं करत नाही. लेकीच्या कौतुकानं तीही रांगेत बसली.

काकूंनी माझ्या हातातले फॉर्म काढून बाजूला ठेवले.

"ह्यात समद्या खोटं सांगत्यात. मीबी सांगितलं. मिश्रीचं बोट काळं पडतं, ते दावा. उजव्या हाताचं."

आठांपैकी पाच हात पदराखाली गेले. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली, आईसुद्धा हसली. मग काकू तिच्यासमोर येऊन थांबल्या.

आईनं डावा हात पुढं केला.