सुमनला पाजलेला रस

सुमन गेली तव्हा खाटंजवळ मी व्हते, माझा धाकटा दीर बाबू व्हता, अन् शेजारची रशीदाआपा. सुमन म्हंजे बाबूची बायको, माझी जाऊ. दीड महिना झाला. ती कशानं गेली, मला अजून उमगलं नाय.

पैठणकडं आमचं शेततळं हाय. त्यात सुमननं खेकडे पाळले व्हते. पाटीवर ओलं गोणपाट टाकून जित्ते खेकडे शहरातल्या उस्मानपुऱ्यात दारोदार विकायची. "घ्या मावशी, सासूपेक्षा घट्ट धरतो!" म्हणायची. आमच्या घरात खोकला आला की खेकडा जित्ताच खलात ठेचायचा, फडक्यातून रस पिळायचा, मीठ टाकून कच्चाच प्यायचा. सासूनं मला पाजला, मी सुमनला. ती नाक धरून प्यायची. "अक्का, ह्या वासानं खोकलाच काय, नवरा बी पळंल."

मागल्या साली तिचा खोकला हटंना. थुंकी तांबूस पडाया लागली. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू, खोकला बी चालू... मी रसाला एकाच्या जागी दोन खेकडे ठेचाया लागले. रशीदाआपा मला म्हणली, "बाजी, उकळून तरी दे." मी म्हणले, "उकळला की गुण जातो."

लई महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "खेकडे कच्चे खाता का?" सुमन माझ्याकडं बघाया लागली. बाई म्हणल्या, खेकड्यात बारीक किडा ऱ्हातो, शिजवला की मरतो, कच्चा पोटात गेला की फुप्फुसात घर करतो, दिसतं टीबीवाणीच. औषध बदललं. खोकला उतरला, भाकरी खाया लागली... अन् आठ दिसांत ताप येऊन गेलीच. बाई म्हणल्या, अंगात ताकदच उरली नव्हती. म्हंजे किड्यानं गेली, का उशिरानं, का माझ्या हातानं? तोच रस मी जन्मभर प्याले. मला काय झालं नाय. हे कसं?

शेवटच्या दिशी ती मला म्हणली, "अक्का, तो खल धुऊन ठिवा. मसाल्याला लागंल."

खल मी उकळत्या पाण्यानं धुतला. चुलीपाशी उलटा घालून ठिवलाय. मसाला कुटायला हात जात नाय.

वाचणाऱ्यांनो, खेकडा पुरता शिजवूनच खा. अन् खोकल्यात रक्त दिसलं तर काय खाल्लं, काय प्यालं, ते डॉक्टरला आपण होऊन सांगा. आमाला पहिल्यांदा कुणी इचारलं नाय, अन् आमी बी सांगितलं नाय. सुमनच्या पाटीतले खेकडे ज्यांनी नेले अन् कच्चे खाल्ले, त्यांनी बी सांगा.