पाठमोरा खडक

आर्या, निनाद,

तुम्ही श्रूजबरीहून फोटो पाठवून विचारलंत, "आजी, हा खरंच आहे का?" वाळवंटात पाठमोऱ्या माणसासारखा उभा खडक. तो शोधायला समीरमामाने आणि मी शनिवारी ०५०० वाजता सनीव्हेल सोडलं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी, बारा लिटर पाणी, एक फावडं.

१३१० ला नेवाडात डांबरी रस्ता संपला. १३५० ला कोरड्या ओढ्याच्या वाळूत गाडी रुतली. मामाने ॲक्सिलरेटर दाबला, चाकं आणखी खाली गेली. फोनला रेंज नव्हती.

"ऊन उतरल्यावर खणू. १७०० ला," मी म्हणाले.

"आई, तोवर बसून काय करणार? मागे रँचचं गेट लागलं होतं. चालत जातो, तासाभरात मदत आणतो."

"बूट काढ."

"काय?"

"काढून माझ्याकडे दे."

"आई, आय ॲम फॉर्टी-टू!"

"मग लेस तुझी तुला सोडता येईल."

तो चिडला, पण बूट दिले.

मी मिलिटरी नर्सिंगमध्ये कॅप्टन असताना माझी पोस्टिंग राजस्थान सीमेवर होती. अपेंडिक्स फुटलेल्या एका जवानाला आणताना ॲम्ब्युलन्स अशीच रुतली. रेडिओवर नुसती खरखर. ड्रायव्हर लान्स नायक हनुमानराम म्हणाला, "मॅडम, चौकी पास में है. एक घंटा." गाडी सोडायची नाही, हा नियम होता. सीनियर मी होते. मी पेशंटकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाओ."

संध्याकाळी शोधपथक आमच्यापर्यंत पोचलं. पेशंट वाचला. हनुमानरामचा देह दुसऱ्या दिवशी सापडला, चौकीच्या उलट दिशेला.

हे मामाला मी कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारीही नाही. बूट मांडीवर घेऊन बसले. घड्याळ पाहायचे, बाटल्या पाहायचे, पुन्हा घड्याळ. मामा मागच्या सीटवर कुशी बदलत होता.

१७०० ला बूट परत केले. टायरमधली हवा निम्मी केली, वाळू उपसली, चाकांखाली गाडीतल्या मॅट घातल्या. १७५० ला गाडी मागे घेऊन कडक जमिनीवर आलो. तिथून तो दिसला. अर्ध्या माइलवर, पाठ आमच्याकडे. चालत निघाल्यासारखा.

मी मामाची टोपी मागून घेतली आणि खाली उतरले. फोटो त्यानेच काढला. बेसबॉल कॅपमधली आजी पाहून तुम्ही फोनवर खूप हसलात.

बाळांनो, टोपीशिवाय सॅल्यूट करायचा नसतो.