काडतुसाच्या दिवशीची भाकर

माझ्या सासऱ्यांइतका चुलीला घाबरणारा बंदूकवाला उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. रानडुकरांचा कळप समोरून आला तरी हा माणूस तंबाखू मळत उभा राहील, पण वर्षातून एक दिवस असा येतो की शेजारच्या घरात कुणी काडी ओढली तर यांच्या छातीत धडधडतं. त्या दिवशी घरात गॅस पेटत नाही, देवापुढे दिवा लागत नाही, गड्याला बिडी ओढायला पार मारुतीच्या देवळापर्यंत जावं लागतं आणि तापवायचं राहिलेलं दूध संध्याकाळपर्यंत नासतं. त्याला घरात ‘काडतुसाचा दिवस’ म्हणतात. पंचांगात तो नाही, पण पाळायला एकादशीपेक्षा कडक. एकादशीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी गरम मिळते.

मामाजींचं (आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात) गाव दर्यापूरच्या पुढे, काळ्या मातीत, जिथे पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. घरात त्यांच्या वडिलांच्या शिकारीच्या दिवसांतली एक रायफल होती. शिकार बंद झाली, वडील गेले, रायफल उरली, आणि शेतरक्षणाच्या परवान्यावर ती मामाजींकडे आली. तिची काडतुसं मात्र यायची थांबली. अकोल्याला बंदुकीचं एक जुनं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं शेवटची पेटी यांच्या हातात ठेवून सांगितलं, की हे माप आता कुणी बनवत नाही. मामाजींनी ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून झाडलेल्या काडतुसांची पितळी टरफलं जपून ठेवून घरीच दारू घालून पुन्हा भरायला सुरुवात केली. त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मामाजी अकोल्याला गेले की अजून तिथे जाऊन बसतात, आणि तो कव्हरवाला बिचारा दर वेळी त्यांना चहा पाजतो. हे घरी काडतूस भरणं कायद्यात कितपत बसतं, हे मी अमरावतीला इतकी वर्षं वकिली करूनही त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि मामाजींचं उत्तर म्हणजे दर्यापूरची एसटी. वाटेतल्या प्रत्येक गावाला थांबते.

लग्नानंतर मी पहिल्यांदा एकटा सासरी गेलो तो नेमका काडतुसाचा दिवस निघाला. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्यानंतरची पहिली कोरडी उघडीप, असा त्यांचा मुहूर्त असतो, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नव्या जावयाला वऱ्हाडात काय काय खाऊ घालतात हे मित्रांकडून ऐकून मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. डोळ्यांसमोर पुरणपोळी होती, पाटवडीचा तर्रीदार रस्सा होता. दारातच मेहुण्यानं माझे खिसे तपासले आणि आगपेटी काढून घेतली. मग माझ्या टेरिकॉटच्या शर्टाकडे पाहून, ‘यानं ठिणगी उडते म्हणतात बाबा,’ असं कुजबुजून तो काढायला लावला. सासरच्या पहिल्याच भेटीत मी सासऱ्यांची बंडी घालून ओसरीवर बसलो. सासूबाईंनी पुढे ताट ठेवलं. आदल्या दिवशीची भाकर, ठेचा आणि हातानं फोडलेला कांदा.

“जवाईबापू, आज एवढ्यावर भागवा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आज ह्यायच्या बंदुकीचं माहेरपन आहे.”

मधल्या खोलीत मामाजी पाटावर बसले होते. पुढ्यात सोनाराचा काटा, त्याच्या बाजूला चिंच-राखेनं घासून लखलखीत केलेली टरफलं ओळीनं मांडलेली, नाकावर चष्मा. मान वर न करता ते म्हणाले, “या जवाईबुवा. शिंक येत असंन तर अंगनात जाऊन या. लाजू नका.” मला शिंक येत नव्हती, पण ते म्हणाल्याबरोबर येऊ लागली. मी अंगणात गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलो.

या दिवसाची तयारी आठ दिवस आधी सुरू व्हायची. शिसं वितळवण्यासाठी त्यांना स्वयंपाकघरातलीच पळी लागायची, आणि एकदा शिशाला लागलेली पळी सासूबाई परत वरणाला लावू द्यायच्या नाहीत. त्यामुळे त्या घरात दरवर्षी पळी नवी येई. चांदूर बाजारच्या जत्रेतून आणलेली, नक्षीच्या दांड्याची पळी त्यांनी धान्याच्या कोठीत लपवली, तर मामाजींनी तीही हुडकून काढली. “वजनाले बरोबर आहे,” एवढंच म्हणाले. भरताना त्यांचा जीव सगळा त्या काट्यात असायचा. काटा मधोमध येऊन थांबल्याशिवाय त्यांचा हात पुढे जायचा नाही, मग घरावर वीज पडो की जावई उपाशी राहो. यातूनच त्यांची ती म्हण जन्माला आली. “ज्याले काटा दिसत नाई, त्यानं काडतूस भरू नाई.” ही म्हण ते कशालाही लावत. सरपंचानं नाली चुकीच्या उताराला काढली, लावली म्हण. डॉक्टरानं दुसऱ्याच दाताला हात घातला, लावली म्हण. मी एक सोपी दिवाणी केस हरलो तेव्हा त्यांनी मला फोन केला, हालहवाल विचारली, आणि ठेवता ठेवता लावलीच.

एवढ्या सगळ्या सोवळ्याओवळ्यातून तयार झालेलं काडतूस उडायचं का? कधी उडायचं, कधी नुसतं टिक वाजून गप्प बसायचं. मग मामाजी रायफलीला दोष द्यायचे नाहीत, हवेला द्यायचे. उडालं तरी ते कुठल्या डुकराला लागल्याचं मी ऐकलं नाही. नेम धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीत असायचा. एकदा मी विचारलं, “मामाजी, एवढी मेहनत करून मातीत कशाला मारता?” तर म्हणाले, “मले डुकराले मारनं नाई बावा. मले त्याले फक्त सांगाचं असते का या वावराले मालक आहे.” आवाज झाला की डुकरं पळायची. मामाजी मात्र तिथेच गुडघ्यावर बसून टरफल शोधत राहायचे. एक टरफल असंच कपाशीत हरवलं. निंदणाऱ्या बायांना शोधायला लावलं, सापडलं नाही. वेचलेल्या कापसाबरोबर बाजारात गेलं असेल म्हणून मामाजी दर्यापूरला गेले आणि व्यापाऱ्याच्या कापसाच्या गंजीवर चढून अर्धा दिवस कापूस उपसत बसले. पुढच्या हंगामात ते त्याच व्यापाऱ्याच्या गादीवर सापडलं. त्यानं त्यात उदबत्ती खोचून ठेवली होती. मामाजींनी उदबत्ती काढली, राख झटकली, टरफल उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, “राखेनं साफ चांगलं झालं.” व्यापाऱ्याला वाटलं आभार मानले.

मला थकवलं ते निवडणुकांनी. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, आणि आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. ग्रामपंचायत झाली की जिल्हा परिषद, ती झाली की विधानसभा. रायफल घरी कमी आणि ठाण्यात जास्त राहू लागली. प्रत्येक वेळी जमा करताना आणि सोडवताना कागदपत्रांसाठी वकील जावई हजर पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी अमरावतीहून कोर्टाची तारीख वाढवून घेऊन जायचो आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहायचो. मधल्या दिवसांतही मामाजींना चैन पडायचं नाही. ते तेलाची बाटली आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ठाण्यात जायचे. हवालदार त्यांना ओळखून होता. दुरूनच ओरडायचा, “काका, खुशाल आहे बरं तुमची!” तरी एकदा तिच्या अंगावरून तेलाचा हात फिरवल्याशिवाय ते परत यायचे नाहीत. माझी बायको म्हणायची, बाबा बंदुकीला भेटायला दर आठवड्याला जातात आणि मला भेटायला दिवाळीला येतात. यावर मामाजींचं म्हणणं, “तुही काळजी घ्याले जवाईबुवा आहेत. तिची कोन घेते?”

मग मेहुण्यानं वावराभोवती झटका मशीन लावलं. सोलरवर चालणारं, तारेला तोंड लागलं की डुक्कर किंचाळत परत फिरतं. बंदुकीचं कामच संपलं. मेहुणा म्हणू लागला, बाबा, आता ती देऊन टाका सरकारजमा, घरात लहान लेकरं आहेत, कशाला जोखीम. खरं सांगायचं तर मी मेहुण्याच्या बाजूचा होतो. मला ठाण्याच्या त्या बाकाचा कंटाळा आला होता. परवान्याच्या नूतनीकरणाच्या चकरांचा कंटाळा आला होता, आणि हो, त्या गार भाकरीचाही. सासूबाई आमच्या आणि मामाजींच्या मधे पडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “त्यायच्या बापाची एवढीच निशानी आहे घरात. बाकी सारं वाटनीत गेलं.”

मामाजींनी आम्हा दोघांना समोर बसवलं. “पाहा,” ते म्हणाले, “बाबा गेले तवा मले म्हनले होते, ही जितकी वर्षं बोलन तितकी वर्षं ठेवजो. थे आता माह्या हातानं बोलते. ज्या दिवशी माह्यानं काडतूस भरनं होनार नाई, त्या दिवशी मीच नेऊन देईन ठान्यात. तुमी कोनी सांगाचं काम नाई. पन तोवर विषय काढू नका.” आम्ही विषय काढला नाही.

मागच्या वर्षी महालक्ष्म्यांनंतर त्यांचा फोन आला, “या.” एवढाच. इतक्या वर्षांत काडतुसाच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम कधी बोलावलं नव्हतं. मी सुती सदरा घालून गेलो. घर नेहमीसारखं चिडीचूप, गॅस बंद, देव अंधारात. मामाजींनी मला मधल्या खोलीत पाटासमोर बसवलं. त्यांनी दारूचं पहिलं माप काट्यावर ठेवलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

“आला मधात,” ते म्हणाले.

काटा मधोमध नव्हता. चांगला एका अंगाला कलला होता. मी कोर्टात इतकी वर्षं घालवली आहेत, तोंडावर काही न दिसू देण्याची सवय आहे, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा मला सावरता आला नाही.

“नाई आला काय?”

“नाही मामाजी. थोडा बाजूला आहे.”

“थोडा का गंज?”

“गंज. बराच,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता म्हणतील, तुमी पाहा अन् सांगा, मी भरतो. मी तयार होतो. दरवर्षी येऊन काटा बघायला, टेरिकॉट सोडायला, जन्मभर गार भाकर खायला मी त्या क्षणी तयार होतो. पण त्यांनी मापातलं काढून परत डब्यात ठेवलं, डब्याचं झाकण घट्ट लावलं, काटा फडक्यात गुंडाळला आणि आपली म्हण म्हणाले. या वेळी ती दुसऱ्या कुणासाठी नव्हती.

आठ दिवसांनी आम्ही ठाण्यात गेलो. निवडणूक नव्हती, म्हणून हवालदार बुचकळ्यात पडला. मामाजींनी रायफल टेबलावर ठेवली, घरून आणलेल्या तेलाचा हात तिच्यावरून फिरवला आणि तेलाची बाटलीही तिच्याजवळच ठेवून दिली. “पावसाळ्यात लक्ष देजो रे,” ते हवालदाराला म्हणाले. सह्या झाल्या. परत येताना गाडीत त्यांनी सोयाबीनच्या भावाची चौकशी केली, आणि मी मला माहीत नसलेला भाव सांगितला.

यंदा महालक्ष्म्या उठल्या, उघडीप पडली, आणि मला राहवलं नाही म्हणून न कळवता गेलो. सवयीनं आगपेटी घरी ठेवली होती. दारात कुणी खिसे तपासले नाहीत. देवापुढे दिवा होता, आणि एका पितळी टरफलात उदबत्ती खोचलेली होती. ते टरफल घरी ठेवणं कायद्यात बसतं का, हेही मी विचारलं नाही. सासूबाईंनी घाईघाईनं कणीक भिजवली, पुरण घातलं, पाटवडीचा रस्सा केला. इतक्या वर्षांपूर्वी अंगणात बसून जे जे डोळ्यांसमोर आणलं होतं, ते सगळं ताटात होतं आणि वाफाळत होतं. मामाजी माझ्या शेजारी जेवायला बसले. मधल्या खोलीतला पाट भिंतीला उभा टेकवलेला होता. मी एक घास मोडला आणि ताटातच ठेवला. मला गार भाकर हवी होती. अगदी लहान मुलासारखी हवी होती, पण सासूबाईंचे हात पुरणानं माखलेले होते, त्यांना ते कसं सांगणार?

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आम्ही तिघंही दचकलो. सासूबाई सवयीनं धावत गॅस बंद करायला निघाल्या.

“राहू दे,” मामाजी म्हणाले. “वाजू दे आता.” आणि तुपाची वाटी उचलून, अंदाजानं, त्यांनी माझ्या पोळीवर तूप वाढलं. बरंचसं ताटाबाहेर सांडलं. मी ताट थोडं पुढे सरकवलं.