जाहिरात दाबू नये

मुश्ताक गेला त्या सकाळी मी अमरावतीत एका सभागृहात दुकानदारांना शहाणपण वाटत होतो. इंटरनेटवरून गिऱ्हाईक दुकानापर्यंत कसं आणावं, हा विषय. खिशातला फोन थरथरत होता आणि मी तो वरूनच दाबून धरत, "गिऱ्हाइकाचा फोन कधीही चुकवू नका," असं मोठ्या तोंडानं सांगत होतो. चहाच्या सुट्टीत पाहिलं, तर फोन त्याच्या मुलीचा, सनाचा. "चाचा, अब्बू गेले. झोपेतच..." उरलेलं व्याख्यान मी दिलं नाही. कुणी मागितलंही नाही.

अकोल्याच्या जठारपेठेत मुश्ताकचं गाद्यांचं दुकान. बापजाद्यांपासूनचा पिंजाऱ्याचा धंदा; कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, रजया शिवायच्या. कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. मी नांदगाव खंडेश्वरचा, आणि नापास होण्यात त्याच्यापेक्षा नेहमी एक विषय पुढे. पुढे मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा एक कोर्स केला आणि अमरावतीत वेबसाइट बनवून देण्याचं ऑफिस थाटलं. ती वर्षं वाईट होती. शेतकऱ्याच्या घरात कापूस यायचा, पण त्याचं मोल हातात उरायचं नाही. लग्नं पुढं ढकलली जात, नाहीतर गुपचूप देवळात उरकली जात, आणि आंदणातून सगळ्यात आधी कमी व्हायच्या त्या गाद्या. ज्यांना परवडे ते फोमच्या घेत. मुश्ताकच्या मेहुण्याचे सुरतेहून निरोप येत... मिलमध्ये जागा आहे, कुलूप लाव आणि ये. मुश्ताकनं ठरवलं, दिवाळीपर्यंत पाहायचं. नाहीच जमलं तर सुरत.

"दिलप्या," तो म्हणाला, "तू लोकायच्या दुकानावर गिऱ्हाईक आणून राहिला म्हणते. मग माह्यावर काहून रुसला बे?"

मी लागलो कामाला. तेव्हा सर्च इंजिनंही आमच्यासारखीच भोळी होती. पानावर एखादा शब्द जितक्या वेळा, तितकं ते पान वर, असा समज होता. मी मुश्ताकच्या वेबसाइटवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत 'गादी, गादी, गादी' असं पानभर लिहून ठेवलं. माणसाला दिसणार नाही, पण यंत्र फसेल! आठवडाभर आम्ही पहिल्या नंबरावर होतो. मग यंत्राला अक्कल आली आणि आमची वेबसाइट शोधूनही सापडेना. "तुह्या पांढऱ्या शाईनं माहं तोंड काळं केलं," मुश्ताक म्हणाला, आणि वर चहा पाजला.

मग मी पैसे देऊन जाहिरात लावायचं सुचवलं. कुणी 'कापसाची गादी' शोधलं की आपली जाहिरात वर दिसेल, आणि तिच्यावर कुणी क्लिक केलं तरच पैसे कापले जातील. दारात पाऊल ठेवणाऱ्यापुरताच खर्च. याहून न्याय्य काय असतं? जाहिरात सुरू झाली त्या दिवशी दुपारच्या आत वेबसाइटवर येणाऱ्या पाहुण्यांचा आकडा असा चढला, की मी ऑफिसात पेढे वाटले. दुपारी त्या दिवसासाठी ठरवलेले पैसे संपले, जाहिरात आपोआप बंद पडली. फोन मात्र एकही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी सकाळचीच बस धरून अकोल्याला गेलो, तर पेठेतल्या सायबर कॅफेत गर्दी.

आपल्याकडं नवं दुकान उघडलं की शेजारी येतो, घटकाभर बसतो, दोन गोड शब्द बोलतो. मुश्ताकनं साऱ्या पेठेला आवतण दिलं होतं: माह्या दुकानाची जाहिरात लागली, हात लावून जा! समोरचे किराणावाले हाजीसाब मला पाहून उठले. "बेटा, मी तं येता-जाता दाबून राहिलो. बरकत हो!" पानठेल्यावरचे देशमुखकाका त्यांच्याही वरताण. "आमच्या घरी तं सुना बी दाबते."

मी कपाळावर हात मारला. मुश्ताकला सगळं समजल्यावर तो आधी पांढराफटक पडला, मग पोट धरून हसला. लगेच दुकानावर पाटी लागली: 'जाहिरात दाबू नये. चहा प्यायला यावे.' पेठ थोडी रुसली, पण चहाला आली.

क्लिक म्हणजे खर्च, एवढं मात्र मुश्ताकच्या मनात पक्कं बसलं. चार दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. जाहिरात पाहून केलेला पहिला फोन! मी शेजारीच होतो. मुश्ताक त्यांना म्हणत होता, "ताई, एक डाव दाबलं ना? बस झालं. आता अजिबात दाबू नका, तुमाले आईची आन!" मी फोन हिसकावला. बाई माहेरच्या अकोल्याच्या. आईची जुनी गादी घरात पडून होती. दबून दगड झालेली, पण टाकवत नव्हती. तोच कापूस पुन्हा पिंजून मिळेल का, हे त्या शोधत होत्या.

गिऱ्हाईक होतं ते अकोल्याबाहेर गेलेल्या माणसांत. जठारपेठेला जठारपेठेचीच जाहिरात दाखवणारे आम्ही दोन दीडशहाणे! त्याच दिवशी मी जाहिरात अकोल्यात बंद केली आणि पुणे, मुंबई, नागपूरला सुरू केली, शब्दही बदलले: जुन्या गादीचा कापूस, लुगड्याची रजई. दिवाळीला गावी येणारी माणसं वळकट्या घेऊन दुकानात येऊ लागली. पिंजण्याचं यंत्र सुरू झालं, ते थांबलं नाही. मेहुण्याला निरोप गेला, "सुरतले येतो... सासरवाडी म्हणून."

पुढं सर्च इंजिनं हुशार झाली. फोनवर नकाशे आले, दुकानाचे फोटो आले, लोक टाइप करायचं सोडून बोलून विचारू लागले. मुश्ताक माझ्याइतकाच, म्हणजे चुकत चुकत, शिकत गेला. कुणी पाच तारे दिले की तो त्या माणसाला उलट फोन करून विचारायचा, "झोप लागते ना भाऊ?"

मुश्ताकच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी दुकानात गेलो. सुरतेचे मेहुणे बसले होते. म्हणाले, पोरीच्या जातीनं हे यंत्र कुठवर ओढायचं, इंटरनेटवर 'कायमचे बंद' लिहून टाका. सना कापसाच्या ढिगाजवळ बसून होती. मी फोन काढला, दुकानाचं पान उघडलं, त्या शब्दांपाशी बोट नेलं... आणि गल्ल्यावरचा मुश्ताकचा फोन वाजला. सनानं उचलला.

"हो... मुश्ताक गादीवालेच." मामाकडं तिनं पाहिलं नाही. "चालू आहे. घेऊन या. कापूस जुना असला तरी चालतो."

फोन ठेवून तिनं ओढणी कमरेला खोचली.

"चाचा, त्यात उघडायची वेळ बदलून द्या. अब्बू नऊला उघडायचे. मले पोरायचा डबा करा लागते, दहा टाका."

मी दहा टाकले. मागं यंत्र सुरू झालं होतं.